हिरव्याकडे धावलेला माणूस : सुरक्षा चिन्हांच्या रंग-आकारांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

धातूच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. नाव, ठिकाण आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि शॉपची मांडणी मात्र होती तशीच ठेवली आहे. मी या प्रकरणात आलो तो अपघातानंतर. त्यामुळे आधीचं जे सांगतोय ते माणसांशी बोलून, जुने फोटो आणि ऑर्डरचे कागद चाळून जुळवलेलं आहे.

शॉप म्हणजे तीसेक मीटर लांबीचा हॉल. एका बाजूला ओळीनं टाक्या. पहिली गरम कॉस्टिकची, म्हणजे तीव्र अल्कलीची, भागांवरचं तेल-ग्रीस काढायला. मग पाण्याची. मग गंज उतरवायला हायड्रोक्लोरिक ॲसिडची. पुन्हा पाण्याची, आणि पुढे मुलाम्याच्या टाक्या. समोरच्या बाजूला दोन ड्रिल मशिन, घासकामाचं बाकडं आणि तयार मालाचे रॅक. कॉस्टिकच्या टाकीपासून डावीकडे सात-आठ पावलांवर, एका खांबाच्या पलीकडे, डोळे धुवायचा आयवॉश. अंतरात काही खोट नव्हती. आयवॉशसाठीचं अमेरिकी मानक, एएनएसआय झेड ३५८.१, सांगतं की धोक्याच्या जागेपासून तिथे दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे आणि वाटेत पायरी-अडथळा नको. इथे डोळे उघडे असतील तर पाच सेकंदही लागत नव्हते.

अपघाताच्या आठ महिने आधी कंपनीनं आपलं रूप पालटलं. नवा लोगो आला, नवा रंग आला: गडद, टवटवीत हिरवा. जुन्या पाट्या खरोखरच वाईट अवस्थेत होत्या. कुठे रंग उडालेला, कुठे कोपरा फाटलेला, चार मापांच्या, पाच जणांनी वेगवेगळ्या वेळी लावलेल्या. एका डिझायनरला सगळ्या पाट्या नव्यानं करायचं काम मिळालं आणि त्यानं ते मनापासून केलं. सगळ्यांना एकच गोलसर कोपऱ्यांचा आयत, वर हिरवी पट्टी, बारीक रेघांची चित्रं. 'स्वच्छता राखा' हिरव्यात, 'आजचं उत्पादन' हिरव्यात, 'गुणवत्ता' हिरव्यात. आयवॉशची पाटी मात्र त्यानं वेगळी केली: निळं वर्तुळ, आत पाण्याचा थेंब. पाणी निळं, म्हणून पाटी निळी. विचार साधा आणि प्रामाणिक होता.

या पाट्यांवर खरेदी विभागाची सही आहे, मनुष्यबळ विभागाची आहे, प्लांट मॅनेजरची आहे. सुरक्षा अधिकाऱ्याचीही आहे. त्याच्याकडे गेली होती ती मजकुराची यादी, चित्रं नव्हेत. ऱ्हस्व-दीर्घ तपासून, एक-दोन शब्द बदलून त्यानं ती परत पाठवली. नंतर मला म्हणाला, "शब्द बघितले मी. रंग बघायचे असतात हे डोक्यातच आलं नाही." या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो घेतला जातोय हे घेणाऱ्यांपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं

दुसरी पाळी होती. कॉस्टिकच्या टाकीवरचा कामगार भागांची जिग, म्हणजे भाग अडकवलेली चौकट, बाहेर काढत होता. जिगचा हूक निसटला, ती परत टाकीत पडली आणि उडालेलं कॉस्टिक त्याच्या चेहऱ्यावर आलं. गॉगल होता, पण कपाळावर. वाफेनं काचा धुरकट होतात म्हणून त्यानं तो वर सरकवला होता.

कॅमेऱ्यात पुढचं सगळं दिसतं. तो मागे सरकतो, हातानं चेहरा झाकतो, एक डोळा किंचित उघडतो आणि उजवीकडे धावतो. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या हिरव्या आयताशी जाऊन दोन्ही हातांनी चाचपडायला लागतो. खाली, वर, पुन्हा खाली. तो आयवॉशचा दांडा शोधत होता. हाताखाली होता 'आजचं उत्पादन'चा फळा. शेजारच्या टाकीवरचा माणूस ओरडला, "अरे, तिकडे कुठे? इकडे ये, इकडे!" आणि शेवटी त्याचा ॲप्रन मागून धरून त्याला ओढत आयवॉशपाशी नेलं. तोवर चौतीस सेकंद गेली होती.

कॉस्टिकच्या बाबतीत सेकंदांना फार किंमत आहे. ॲसिडनं डोळ्याच्या पृष्ठावरची प्रथिनं साकळतात आणि बऱ्याचदा त्याचाच पुढे थोडाफार अडसर होतो. अल्कली तसं थांबत नाही. पेशींमधल्या स्निग्धाचा साबण करत ते आत उतरत राहतं. पंधरा मिनिटं धुणं, मग रुग्णालय, मग तीन आठवडे सुट्टी. नजर वाचली. डॉक्टरांनी श्रेय पाण्याला दिलं आणि उशिराबद्दल विचारलंही.

कंपनीच्या पहिल्या अहवालात कारण एका ओळीत होतं: कामगार नवीन, आयवॉशची जागा माहीत नव्हती, प्रशिक्षण द्यावे. मला बोलावलं ते हे प्रशिक्षण घ्यायला.

समस्या

प्रशिक्षणाआधी मी त्या कामगाराला भेटलो. नवीन तो या कारखान्यात होता, या कामात नव्हता. आधी सहा वर्षं दुसरीकडे अशाच टाक्यांवर काढलेली. उजवीकडे का गेलास, असं विचारल्यावर तो थोडा चिडलाच. "डोळ्यात गेलं की हिरव्याकडे जायचं. पहिल्या नोकरीत हेच शिकवलं होतं. मी हिरव्याकडेच गेलो."

त्याचं बरोबर होतं. भाषा त्याला येत होती. कारखान्यानं ती न सांगता बदलली होती.

रंग-आकारांची ही भाषा आयएसओ ३८६४ या आंतरराष्ट्रीय मानकात बांधलेली आहे आणि एकेका चिन्हाचं चित्र आयएसओ ७०१० मध्ये ठरलेलं आहे. तिचं व्याकरण हाताच्या बोटांवर मावतं. लाल वर्तुळ आणि त्यातून तिरपी लाल रेघ म्हणजे करू नका. चित्र काळं, पार्श्वभूमी पांढरी, रेघ डावीकडे वरून उजवीकडे खाली ४५ अंशांत, आणि तीही चित्रावरून गेलेली, चित्राखालून नाही. भरीव निळं वर्तुळ आणि आत पांढरं चित्र म्हणजे हे केलंच पाहिजे. काळ्या किनारीचा पिवळा त्रिकोण म्हणजे सांभाळून, इथे धोका आहे. हिरवा चौकोन किंवा आयत म्हणजे सुटका आणि मदत: बाहेर जायची वाट, प्रथमोपचार, आयवॉश, एकत्र जमायची जागा. लाल चौकोन म्हणजे आगीशी लढायची साधनं. रंग किती असावा हेही ठरलेलं आहे. मनाईच्या चिन्हात लाल किमान ३५ टक्के, बाकीच्यांत त्यांचा त्यांचा रंग किमान निम्मा. पांढऱ्या पाटीवर कोपऱ्यात पिवळा ठिपका दिला की झालं, असं म्हणता येत नाही.

लांबून किंवा घाईत बघणाऱ्याला आधी रंगाचा डाग दिसतो, मग आकार. चित्र त्यानंतर. अक्षरं तर जवळ गेल्यावरच. कॉस्टिक गेलेल्या डोळ्याला पहिल्या पायरीच्या पुढे जाताच येत नाही. त्याच्या वाट्याला फक्त डाग.

म्हणून मी हॉलमधल्या पाट्या मोजल्या. एकसष्ट. त्यातल्या अडतीस हिरव्या. खऱ्या अर्थानं हिरव्या असायला हव्यात अशा चार: दोन दारांवरच्या, एक प्रथमोपचार पेटीवरची, एक बाहेर जमायच्या जागेची. पाचवी, आयवॉशची, निळी. त्या निळ्या वर्तुळाचा मानकाप्रमाणे अर्थ लावला तर ते हुकूम देत होतं, वाट दाखवत नव्हतं.

मग ड्रिल मशिनपाशी थांबलो, आणि मला वाटतं या प्रकरणाचं सगळ्यात धोकादायक पान तिथे होतं. टाक्यांवर हातमोजे घालणं सक्तीचं. ड्रिलवर हातमोजे घालणं मना, कारण फिरत्या स्पिंडलमध्ये मोज्याचं एक बोट अडकलं की पाठोपाठ हात जातो. म्हणजे एकाच हॉलमध्ये, बारा पावलांच्या अंतरावर, एकाच चित्राला दोन उलट अर्थ. आयएसओ ७०१० मध्ये दोन्हीसाठी चिन्हं आहेत: निळ्या वर्तुळातला मोजा एम ००९, लाल वर्तुळात तिरप्या रेघेखालचा मोजा पी ०२८. फरक सगळा रंगाचा आणि रेघेचा. नव्या पाट्यांत दोन्हीकडे हिरवी पट्टी आणि खाली बारीक रेघांनी काढलेला तोच मोजा होता. ड्रिलवरच्या पाटीत एका कोपऱ्यात, नखाएवढी, फुली. खाली 'मोजे वापरू नयेत' असं लिहिलेलं. पण हॉलमध्ये ती लिपी न वाचता येणारी किमान सहा माणसं होती. ड्रिलवाला स्वतः मोजे घालून काम करत होता. विचारलं तर त्यानं पाटीकडेच बोट दाखवलं.

अग्निशामक नळकांड्यांवर लाल वर्तुळ होतं, रेघेविना. दोघांनी त्याचा अर्थ 'हात लावू नका' असा सांगितला. रसायनांच्या पिंपांवरच्या लाल किनारीच्या, टोकावर उभ्या चौकोनाबद्दलही गोंधळ होता. ती खुणांची वेगळीच पद्धत आहे, जीएचएस म्हणतात तिला. तिथे लाल किनार मनाई सांगत नाही, आत काय आहे ते सांगते. ही चूक कारखान्याची नव्हती, पण तिथेही होतीच.

पर्याय

बैठकीत चार वाटा मांडल्या गेल्या.

पहिली, प्रशिक्षण. स्वस्त, लगेच होणारी, अहवालात लिहिलेलीच. मॅनेजरचा कल इकडे होता आणि त्याचं कारण समजण्यासारखं होतं: पाट्यांवर आठ महिन्यांपूर्वीच खर्च झालेला. मी एवढंच म्हटलं की आपण प्रशिक्षण देऊ ते 'आयवॉश निळा असतो' असं. हा माणूस उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला की आपण शिकवलेलं त्याला तिथे बुडवेल. आणि तिथून इकडे येणारा आज जसा फसला तसाच पुन्हा फसेल.

दुसरी, फक्त आयवॉशची पाटी हिरवी करायची. दिसायला हेच नेमकं उत्तर. पण अडतीस हिरव्यांत एकोणचाळिसावी आली तर धुरकट डोळ्याला काय कळणार?

तिसरी, सगळ्या सुरक्षा पाट्या मानकाप्रमाणे नव्यानं लावायच्या. सुरक्षा अधिकाऱ्याला ही हवी होती. त्यानं एक कॅटलॉगही आणला होता, त्यात एकशे दहा पाट्यांवर खुणा केलेल्या. अपघातानंतर असं होतंच. जिथे भिंत रिकामी दिसेल तिथे पाटी. युरोपच्या १९९२ च्या सुरक्षा चिन्हांच्या निर्देशात, ९२/५८ मध्ये, बजावलेलं आहे की चिन्हांची गर्दी करू नये आणि धोका उरला नाही की त्याचं चिन्हही काढावं. ही दुसरी गोष्ट फार थोड्या ठिकाणी पाळलेली मी पाहिली आहे.

चौथी, आधी काढायचं, मग लावायचं. सुरक्षेशी संबंध नसलेलं हिरवं, लाल, पिवळं, निळं आधी हॉलबाहेर, आणि उरलेल्या भिंतीवर मोजकी, मोठी, मानकाबरहुकूम चिन्हं.

विरोध आला तो ब्रँड सांभाळणाऱ्यांकडून, आणि तोही वावगा नव्हता. ग्राहक हॉल बघायला येतात. कंपनीचा रंग तिथे दिसू नये हे त्यांना पटत नव्हतं. दोन बैठका यात गेल्या. तिढा सोडवला डिझायनरनं. तो कॅमेऱ्यातलं ते दृश्य बघायला बसला, फळ्यावर चाचपडणारे हात त्यानं दोनदा पाहिले आणि म्हणाला, "लोगो राखाडी करतो. हॉलमध्ये चांगलाच दिसेल." मग नियम असा ठरला: ज्या दारावर गॉगल लावायचं निळं वर्तुळ आहे, त्या दाराच्या आत कंपनीचा हिरवा नाही. ऑफिसात, फाटकावर, गाड्यांवर हवा तेवढा.

काय केलं

चौथी वाट धरली, तिच्या शेपटाला तिसरी बांधली आणि प्रशिक्षण सगळ्यात शेवटी ठेवलं.

नवी पाटी मागवण्याआधी एक छोटी चाचणी घेतली. कार्डांवर फक्त रंग आणि आकार, चित्र कुठलंच नाही. बावीस जणांना एकेक करून विचारलं: हे दिसलं तर काय कराल? पिवळ्या त्रिकोणाला एक सोडून सगळ्यांनी बरोबर उत्तर दिलं. तिरप्या रेघेचं लाल वर्तुळही बहुतेकांना कळलं. निळ्या वर्तुळावर फाटाफूट झाली. निम्म्या लोकांना ती 'माहिती' वाटली. हिरव्या चौकोनावर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर होतं 'कंपनीची पाटी'. एवढं लख्ख उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

चिन्ह कळतं की नाही हे जोखायचा अमेरिकी मानकातला निकष, एएनएसआय झेड ५३५.३ मधला, मला या कामी नेहमी उपयोगी वाटतो. किमान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा हा त्याचा एक भाग, आणि तोच सगळे लक्षात ठेवतात. दुसरा भाग जास्त कामाचा: नेमका उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. न कळणं आणि उलटं कळणं यांत मोठा फरक आहे. ज्याला मोज्याचं चिन्ह कळलं नाही तो कुणाला तरी विचारेल. ज्याला उलटं कळलं तो मोजे घालून ड्रिलवर उभा राहील. बावीस जणांची आमची चाचणी काही मानकातली नव्हे, पण उलट्या उत्तरांवर लाल खूण करत गेलो तेव्हा कामाचा क्रम आपोआप ठरला: आधी मोजे, मग आयवॉश, मग अग्निशामक.

मोज्यांसाठी पी ०२८ भिंतीवर लावलंच नाही. ड्रिलच्या गार्डवर, छातीच्या उंचीला, जिथे मशिन सुरू करताना नजर जातेच तिथे लावलं. एम ००९ टाक्यांच्या कठड्यावर. दोन्हींच्या मधल्या वाटेवर मोजे अडकवायला खुंट्यांची ओळ ठोकली. काढलेले मोजे ठेवायचे कुठे याचं उत्तर नसेल तर ते हातातच राहतात.

मापाचा हिशेबही आधी कुणी केला नव्हता. नेहमीच्या उजेडात चिन्हाची उंची ही बघण्याच्या अंतराचा शंभरावा भाग असावी, असा ढोबळ नियम चालतो. दहा सेंटिमीटरची पाटी दहा मीटरपर्यंत. आमच्या पाट्या दहाच्याच होत्या आणि हॉल तीस मीटरचा. दारांवरची चिन्हं तीस सेंटिमीटरची केली, बाकीची जागेप्रमाणे.

मुलाम्याच्या टोकाला अजून जुने सोडियमचे दिवे होते. त्या पिवळ्या उजेडात निळं काळपट दिसतं, आणि पिवळ्या-पांढऱ्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. तिथे त्रिकोण ओळखू यायचा तो केवळ आकारावरून. दिवे बदलले.

एका मुद्द्यावर मात्र अडलो. टाक्यांच्या सुपरवायझरला लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही. हे त्यानं चाचणीच्या वेळी हसत हसत सांगितलं, इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. या व्याकरणात रंगाला आकाराची जोड दिली आहे ती अशा लोकांनाही अर्थ लागावा म्हणून. पण एक फट राहते: हिरवा चौकोन आणि लाल चौकोन. आकार एकच. त्यांच्यातला फरक रंग आणि चित्रावरच उभा आहे. म्हणूनच आयएसओ ७०१० मधल्या अग्निशामक साधनांच्या चिन्हांत ज्वाळेचं चित्र जोडलेलं असतं. आम्ही त्यात आणखी एक केलं: लाल चौकोन आणि हिरवे चौकोन एका खांबावर शेजारी-शेजारी कुठेही येऊ दिले नाहीत.

आयवॉशचं चिन्ह हिरवं झालं, खांबामुळे लपत होतं म्हणून भिंतीतून काटकोनात बाहेर काढलं, दोन्ही बाजूंनी दिसेल असं. मागची भिंत जमिनीपासून चिन्हापर्यंत हिरवी रंगवली. एकसष्टच्या जागी हॉलमध्ये आता सत्तावीस पाट्या होत्या.

निकाल

तीन महिन्यांनी तीच कार्डं पुन्हा दाखवली. हिरव्याला 'कंपनीची पाटी' म्हणणारे दोघे उरले होते. निळ्याला 'माहिती' म्हणणारे चौघे. ड्रिलवर मोजे दिसत नव्हते.

मग खरी परीक्षा घेतली. गॉगलच्या काचांवर व्हॅसलिन फासलं, तो घालून एकेकाला कॉस्टिकच्या टाकीपाशी उभं केलं, दोनदा गरकन फिरवलं आणि म्हटलं, आयवॉश गाठ. बहुतेक जण सहा ते नऊ सेकंदांत पोचले. आम्ही खूष होतो. पण एक जण सरळ बाहेर जायच्या दाराशी गेला.

दारावरचं चिन्हही हिरवंच, आयतच. मानकाप्रमाणे अगदी बरोबर. दोन बरोबर चिन्हांमध्ये धुरकट डोळ्याला निवड करता येईना, आणि हा प्रश्न मी ज्या कॅटलॉगवर नाकं मुरडली होती त्यातही सुटला नसता, माझ्या मोजक्या पाट्यांतही सुटला नव्हता.

उत्तर मेंटेनन्सच्या माणसानं दिलं. टाक्यांचा कठडा आयवॉशच्या चार पावलं आधी संपत होता. त्यानं तो पुढे वाढवून थेट आयवॉशच्या दांड्यापर्यंत नेला. आता कॉस्टिकच्या टाकीवर उभा असलेला माणूस डोळे घट्ट मिटून, कठड्यावर हात ठेवून, डावीकडे चालत गेला की पोचतो. पुन्हा चाचणी घेतली, यावेळी पट्टी बांधून. सगळे पोचले. पाईपचे दोन तुकडे आणि एका दुपारचं वेल्डिंग.

वेगळं काय करता आलं असतं

पाट्यांची मागणी मंजूर होताना सुरक्षा अधिकाऱ्यापुढे यादीऐवजी भिंतीवर चिकटवलेले नमुने आले असते तर निळा आयवॉश त्याच दिवशी पकडला गेला असता असं मला वाटतं. कारखान्यानं आता तो नियम केला आहे: रंगीत छापाशिवाय सही नाही. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर एम ००९ आणि पी ०२८ किती सारखे दिसतात हे त्यांनी फाईलमध्ये लावून ठेवलंय.

अपघाताच्या चौकशीत जखमी माणसाला पहिला प्रश्न विचारायला हवा होता. त्याचं उत्तर अहवाल लिहून झाल्यावर, ते सुद्धा बाहेरच्या माणसानं विचारलं म्हणून, मिळालं.

माझी चूक वेगळी आहे. मी चिन्हांचा माणूस, म्हणून मला चिन्हं दिसली. धोका आवरायच्या उतरंडीत पाट्यांची जागा खालची आहे: आधी धोकाच काढता येतो का, मग बदलता येतो का, मग यंत्राला झाकण-कठडा, मग पाट्या आणि प्रशिक्षण, आणि शेवटी अंगावरची साधनं. कॉस्टिकच्या टाकीला उडणारे थेंब अडवणारं झाकण बसवायचा विषय मी काढला तो दोन महिन्यांनी. हूक का निसटला हे त्याहून उशिरा बघितलं. त्याची चाप झिजली होती. आणि गॉगल. माणसानं तो कपाळावर का सरकवला याचं उत्तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात मिळालेलं होतं. वाफेनं धुरकट न होणारे, आडून हवा येणारे गॉगल आले तेव्हा पाट्या लावून झाल्या होत्या. क्रम उलटा लावला असता तर खर्च तेवढाच आला असता.

शेवटच्या भेटीला गेलो तेव्हा आयवॉशच्या हिरव्या भिंतीवर कुणीतरी महिन्याच्या उत्तम कामगाराचं प्रशस्तिपत्र चिकटवलं होतं. हिरवी किनार, राखाडी लोगो. मी काही म्हणायच्या आत कॉस्टिकच्या टाकीवरचा तोच कामगार आला, त्यानं ते हलक्या हातानं सोडवलं आणि दाराबाहेरच्या फळ्यावर नेऊन लावलं. भिंतीवर टेपचे चार डाग राहिले होते. ते घासायला तो थिनर आणि फडकं घेऊन परत आला.